वेग पुरे झाला, आता विलंब मोजा: गोव्यातल्या इंटरनेट पुरवठादारांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातले सगळे लहान-मोठे इंटरनेट पुरवठादार, त्यांचे अभियंते आणि खांबांवर चढून घराघरात जोडणी देणारे तंत्रज्ञ यांस

सप्रेम नमस्कार.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही तिठ्यावर उभं राहिलं तरी तुमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा फलक दिसतो. १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस, सोबत सिनेमे आणि मालिका मोफत. या फलकांवर एक आकडा मी आजवर पाहिलेला नाही. रात्री नऊ वाजता, घरातली बाकीची माणसं आपापल्या मोबाइलवर असताना, माझ्या घरातून निघालेलं माहितीचं एक छोटं पॅकेट मुंबईतल्या सर्व्हरला शिवून परत यायला किती मिलिसेकंद घेतं, हा तो आकडा. खेळणारे त्याला पिंग म्हणतात. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी डिचोली तालुक्यात राहतो. ऑनलाइन खेळतो, आणि वाड्यावरच्या मुलांचा खेळ अडकायला लागला की ती मला हाक मारतात. त्यांच्या घरचे राउटर, तुम्ही बसवलेले ओएनयू (घरात फायबर जिला जोडतात ती डबी), खिडकीच्या फटीतून आत घेतलेल्या केबली बघता बघता माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. लॅगला, म्हणजे खेळ असा अडकण्याला, कारणं पुष्कळ असतात, पण त्यातलं एक मोठं कारण तुमच्या कपाटातल्या यंत्रात असतं, आणि ते दूर करायला नवी केबल ओढावी लागत नाही.

तक्रारीचा फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘स्पीड टेस्ट करून बघा.’ शंभरच्या प्लॅनवर ९५ येतात आणि तक्रार तिथेच मिटते. खेळणाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो, कारण स्पीड टेस्टमधला तो मोठा आकडा त्याच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हे. बीजीएमआय, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक असा नेमबाजीचा खेळ चालू असताना जी माहिती येते-जाते ती सहसा १ एमबीपीएससुद्धा भरत नाही. सेकंदाला काही डझन ते शंभरावर पॅकेटं जातात, तशीच येतात, आणि प्रत्येकाचा आकार काहीशे बाइट. २०२३ साली सरकारने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएसची अट घातली. खेळाला तेवढा वेगही पुरतो. खेळाला हवं असतं ते पॅकेटांचं वेळेवर येणं, आणि एकामागून एक सारख्या अंतराने येणं.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर? व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सगळ्या मैदानाची स्थिती नव्याने ठरवतो, म्हणजे साधारण दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. कोण कुठे उभा आहे, कोणी गोळी झाडली, कोणाला लागली, हे दर खेपेला ठरतं. एखादं पॅकेट २०० मिलिसेकंद उशिरा पोचलं तर तोवर असे पंचवीस निकाल लागून गेलेले असतात. म्हणून हे खेळ यूडीपी वापरतात, म्हणजे पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत बसण्यात अर्थ नसतो, कारण ते पुन्हा येईपर्यंत शिळं झालेलं असतं.

खेळ बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने पुष्कळ केलं आहे, आणि तुमच्या लोकांनी ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. १९९६ साली क्वेकवर्ल्ड या नेमबाजीच्या खेळात सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता खेळाडूच्या हालचालीचा अंदाज त्याच्याच संगणकावर बांधायची पद्धत आली. आज नेमबाजीचे बहुतेक खेळ तसेच चालतात. पुढे जायचं बटण दाबलं की पाऊल लगेच पडतं. सर्व्हरचा निकाल मागून येतो, आणि तो वेगळा निघाला तर खेळाडू झटक्याने मागच्या जागी ओढला जातो. समोरचा शत्रू तुम्हाला दिसतो तो थोडा जुना असतो, कारण आलेल्या दोन पॅकेटांच्या मधली हालचाल खेळ भरून काढत असतो. तुम्ही गोळी झाडलीत की सर्व्हर घड्याळ थोडं मागे फिरवतो, तुम्हाला त्या क्षणी काय दिसत होतं ते बघतो आणि मग निकाल देतो. ‘मी भिंतीआड पोचलो होतो, तरी मेलो’ अशी तक्रार मुलं करतात, तेव्हा ती बऱ्याचदा खरंच सांगत असतात. त्यांच्या पडद्यावर ती आड गेलेली होती. मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर होती. म्हणजे एकाच्या घरचा लॅग त्याच्यापुरता राहत नाही. पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात तो बाकीच्या नऊ जणांच्या वाट्यालाही येतो.

या सगळ्या युक्त्यांना एक गोष्ट लागते: विलंब स्थिर हवा. पिंग सतत ६० राहिला तर खेळ त्याच्याशी जुळवून घेतो आणि खेळणाऱ्याचा हातही जुळवून घेतो. २० वरून १८०, तिथून पुन्हा २५, मग २२०, असा नाचणारा पिंग कोणालाच सांभाळता येत नाही. तुमच्या मदत केंद्रात ‘सरासरी पिंग ४० आहे, ठीक आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा नेमकी ही गोष्ट सुटते. सरासरीत नाच दिसत नाही.

काही विलंब कोणाच्याच हातात नाही, हे मी आधीच मान्य करतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, हवेतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. पणजीहून मुंबईपर्यंत केबलीचं अंतर ६०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ त्यात मिळवा, तरी वीस-तीसमध्ये काम व्हायला हवं. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर; तिथल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला प्रकाशानेच ३९ मिलिसेकंदांचा किमान हिशेब लावून ठेवला आहे, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. युरोपचा सर्व्हर घेतला तर शंभराच्या वर जाणारच. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातल्या केबली तुटल्या तेव्हा युरोपकडची वाहतूक दुसऱ्या वाटांनी फिरवावी लागली. असल्या गोष्टींसाठी तुम्हाला कोणी दोष देणार नाही. मुंबईत सर्व्हर असलेल्या खेळाचा पिंग रात्री नऊला २५ वरून ३०० वर का जातो, एवढंच मी विचारतो आहे.

चोडणच्या फेरीधक्क्यावर संध्याकाळी थांबलेल्या माणसाला हे पटकन कळेल. मांडवी ओलांडायला लागणारी थोडी मिनिटं कोणाला जड जात नाहीत. जीव जातो तो धक्क्यावरच्या रांगेत. बोट मोठी आणली तर एका खेपेला जास्त गाड्या जातील, पण पुढे मालवाहू गाड्या लागल्या असतील आणि सगळ्यांना एकाच रांगेत धरलं, तर मागच्या दुचाकीवाल्याला मोठ्या बोटीचा उपयोग नाही. तुमच्या यंत्रांत हेच होतं. घरात कोणाच्या तरी मोबाइलवरून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात, कोणी खेळाचं ३० जीबीचं अपडेट उतरवायला घेतं, आणि त्या पॅकेटांच्या रांगेच्या शेपटीला खेळाचं इवलंसं पॅकेट उभं राहतं.

हिशेब करून बघा. अपलोड १० एमबीपीएसचा आहे आणि ज्या यंत्रात रांग लागते त्यात १ मेगाबाइटचा साठा आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. भरलेला साठा रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. म्हणजे ज्या पॅकेटाचा सगळा प्रवास २५ मिलिसेकंदांचा, ते ८०० मिलिसेकंद नुसतं उभं राहतं. यंत्र बनवणाऱ्यांनी साठा वाढवला तो चांगल्या हेतूने, पॅकेट गळू नये म्हणून. पण टीसीपी, म्हणजे डाउनलोड-अपलोडची पॅकेटं पाठवणारा नियमसंच, वाहतुकीची गती बेताची ठेवतो ती पॅकेटं गळल्यावर. साठा अवाढव्य असला की गळती उशिरा होते, टीसीपीला कळतही नाही की वाट भरली आहे, आणि तो ढकलत राहतो. स्पीड टेस्टमध्ये आकडा पूर्ण येतो, कारण वाट खरोखर भरून वाहत असते. उशीर त्या चाचणीच्या मोठ्या आकड्यात उमटत नाही.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. हे तेच जेकबसन, ज्यांनी १९८८ साली टीसीपीला गर्दीत स्वतःला आवरायला शिकवलं. कोडेल रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजतं. ठराविक अवधी, साधारण १०० मिलिसेकंद, थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांखाली उतरलाच नाही, तर ते पॅकेटं टाकायला लागतं आणि मोठ्या डाउनलोडला वेळीच इशारा मिळतो. त्यापुढचं पाऊल एफक्यू-कोडेल: प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग, आणि ज्याची रांग तुंबलेली नाही त्याला आधी वाट. २०१८ साली तो आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. केक ही त्याचीच आणखी सुधारलेली आवृत्ती. हे सगळं उघडं आहे, फुकट आहे, कोणाला परवान्याचे पैसे द्यायचे नाहीत. या कामामागे वर्षानुवर्षं धडपडणारे डेव्ह टाट २०२५ साली गेले. जगभरच्या लहान पुरवठादारांनी हे वापरावं म्हणून ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

आता तुमच्याकडे येतो. घरापर्यंत आलेली फायबर शंभर एमबीपीएसची नसते. जीपीओएन, म्हणजे एकच तंतू अनेक घरांत वाटायची पद्धत; तिच्या एका तंतूवर २.४८८ जीबीपीएस खाली येतात आणि १.२४४ जीबीपीएस वर जातात. तो तंतू स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ग्राहकाला शंभर मिळतात, कारण तसा लगाम तुम्ही लावता, तुमच्या राउटरमध्ये किंवा ओएलटीवर (सगळ्या घरांचे ओएनयू ज्याला जोडलेले असतात ते तुमच्याकडचं यंत्र). जिथे लगाम असतो तिथेच रांग लागते किंवा तिथेच पॅकेटं आंधळेपणाने टाकली जातात. म्हणून ‘तुमच्या घरातला प्रॉब्लेम आहे’ हे उत्तर अर्ध्या वेळा तरी चुकीच्या पत्त्यावर जातं. ती रांग तुमची आहे, आणि ही चांगली बातमी आहे, कारण मग ती सोडवणंही तुमच्या हातात आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान पुरवठादारांच्या कपाटात मायक्रोटिक कंपनीचा राउटर असतो. त्याच्या राउटरओएस ७ या प्रणालीपासून त्यात एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही आलेले आहेत. ग्राहकाच्या क्यूचा, म्हणजे रांगेचा, प्रकार बदलणं हे रात्री दोन वाजता, गर्दी नसताना, एका वाड्यावर करून बघण्यासारखं काम आहे. आधी थोड्या ग्राहकांवर करा, राउटरच्या प्रोसेसरवर किती ताण येतो ते बघा, मग पुढे जा. ग्राहक हजारोंत असतील तर लिबरेक्यूओएस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. एका लिनक्स सर्व्हरवर ते चढवून तुमच्या जाळ्याच्या मध्ये बसवायचं, आणि ते प्रत्येक ग्राहकाला त्याच्या प्लॅनप्रमाणे केकची रांग लावून देतं. ते लहान पुरवठादारांसाठीच लिहिलेलं आहे. एका सर्व्हरचा खर्च आणि एका माणसाचे काही दिवस, एवढ्यात हजारो घरांतला रात्रीचा लॅग खाली येऊ शकतो. गावोगावी खड्डे खणून तेवढा फरक पडत नाही.

घरातल्या वायफायचा दोष तुमच्या माथी मी मारणार नाही. गोव्यातली जुनी घरं चिऱ्यांची, भिंती हात-दीड हात रुंद, आणि पावसात चिरा पाणी धरून राहतो. बाहेरच्या सोप्यात लावलेल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघर ओलांडून मागच्या खोलीत पोचेपर्यंत थकतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या चार घरांचे राउटर एकाच चॅनलवर बसलेले असले की पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवावी लागतात, आणि प्रत्येक पुन्हाचा अर्थ पिंगची एक उडी. पण राउटर कुठे लावायचा हे ठरवतं कोण? तुमचा तंत्रज्ञ केबल जिथून आत येते तिथेच, पहिल्या खिळ्याला, राउटर टांगतो आणि जातो. आणखी दहा मीटर केबल आत ओढली, चॅनल बघून लावला, आणि ‘खेळणारं कोणी असेल तर त्याला लॅनची वायर द्या’ एवढं एक वाक्य घरच्यांना सांगितलं, तर अर्ध्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत. वायर काही फार महाग नसते. जोडणीच्या पैशांत ती सहज बसते.

तक्रार आली की तपासणी कशी करावी हेही लिहून ठेवतो, कारण मी मुलांना हीच पद्धत शिकवतो. पहिल्यांदा घरच्या राउटरलाच पिंग करायचं. तिथे आकडा १ ते ५ च्या पुढे उड्या मारत असेल तर खोट वायफायची. मग तुम्हाला फोन करायचा नाही. तिथे स्वच्छ असेल तर तुमच्या पहिल्या राउटरला पिंग, आणि मग खेळाच्या सर्व्हरकडच्या वाटेवर. प्रत्येक चाचणी दोनदा: एकदा नेट मोकळं असताना, एकदा मुद्दाम मोठी फाइल चढवत असताना. मोकळ्या वेळी २२ आणि भरलेल्या वेळी ४०० आले की निदान झालं, वाद संपला. वाट तपासताना एक गोष्ट मात्र ग्राहकांनीही लक्षात घ्यावी. मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळती दिसली आणि पुढचे टप्पे स्वच्छ असले, तर ती खरी गळती नसते. तो राउटर पिंगला उत्तर देणं हे फक्त दुय्यम काम मानतो. शेवटच्या टप्प्यापर्यंत गळती टिकली तरच तिला अर्थ असतो. तुमच्या अभियंत्यांना अशा चुकीच्या चित्रांनी भरलेले मेल येतात, त्याबद्दल मला सहानुभूती आहे.

वाटेचा प्रश्न वेगळा, आणि तो तुम्हीच सोडवू शकता. कधी कधी घरची जोडणी उत्तम, रांग मोकळी, तरी मुंबईच्या सर्व्हरचा पिंग ९० येतो. वाट काढून बघितली की पॅकेट आधी चेन्नईला, तिथून सिंगापूरला आणि मग मुंबईत उतरलेलं दिसतं. ज्याच्याकडून तुम्ही घाऊक बँडविड्थ घेता त्याचं आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या जाळ्याचं मुंबईत जोडकाम नसलं की असं होतं. एक फोन, एक मेल, एक पिअरिंगची, म्हणजे दोन जाळी थेट जोडण्याची, विनंती, एवढ्याने पुष्कळदा काम होतं. पण ती विनंती ग्राहक करू शकत नाही. त्याला दार उघडणारं कोणी नसतं. तुमचं नाव लावलेला मेल उघडला जातो. लहान पुरवठादारांनी एकत्र येऊन, सगळ्यांच्या नावाने, ही मागणी वरच्या पुरवठादाराकडे केली तर तिला वजन येईल.

पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय गोव्यातलं कुठलंच पत्र पुरं होत नाही. झावळी पडून केबल तुटते, ओएनयूवर लाल लाइट लागतो, ते निदान उघड असतं आणि तुमची मुलं भर पावसात खांबावर चढून ती जोडतात, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. मला सांगायचं आहे ते अर्धवट बिघाडाबद्दल. जॉइंटच्या डबीत पाणी शिरलं, केबल कुठेतरी मुडपली, घाईत केलेला जोड नीट बसला नाही, की प्रकाश क्षीण होतो पण मरत नाही. पावर मीटरवर उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास असायचा तो उणे २७ पर्यंत उतरतो. बहुतेक जीपीओएन ओएनयूंची क्षमता तिथेच संपते. त्या टोकावर नेट चालू असतं, स्पीड टेस्टही कधी कधी पूर्ण येते, पण चुका वाढतात आणि पॅकेटं गळतात. सेकंदाला ६४ पॅकेटांच्या खेळात २ टक्के गळती म्हणजे दर सेकंदाला एकाहून जास्त पॅकेट गेलं. मेल वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. खेळणाऱ्याला लगेच कळतं. ओएलटीवर प्रत्येक ओएनयूची प्रकाशपातळी बसल्या जागी दिसते. पहिला मोठा पाऊस झाला की ती यादी काढा आणि जी घरं टोकाला आली आहेत त्यांच्याकडे तक्रारीची वाट न बघता जा.

विजेचंही तसंच आहे. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तुमचं कपाट बॅटरीवर आणि घरचा राउटर छोट्या यूपीएसवर असेल तर वीज गेली तरी जीपीओएन चालू राहतं. पण काही वाड्यांवर अजून मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश साध्या वायरीत उतरवणारी डबी) आणि स्विच कोणाच्या तरी गच्चीवर, त्यांच्याच मीटरवर चालतात. त्या एका घरची वीज गेली की सगळा वाडा बंद. सत्तरीत आणि सांग्यात पावसाळ्यातल्या रात्री किती वेळा वीज जाते हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक लहान पण त्रासदायक गोष्ट: सीजी-नॅट. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते अपुरे, म्हणून तुम्ही शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवता, हे समजण्यासारखं आहे. पण जे खेळ खेळाडूंना एकमेकांशी थेट जोडतात, त्यांत अशा ग्राहकाला मित्राच्या खोलीत शिरताच येत नाही किंवा आवाज ऐकू येत नाही. भरपूर पत्ते असलेली आयपीव्ही६ ही नवी पद्धत सुरू करा. ओएनयू बहुतेक तयार असतात, कळ तेवढी दाबायची राहिलेली असते.

कोणी विचारेल की मुलांच्या खेळासाठी एवढं कशाला. ई-स्पोर्ट्सला २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्याला पदकं होती. २०२५ च्या ऑगस्टमधल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांचे खेळ बंद केले, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. वाळपईच्या किंवा पेडण्याच्या मुलाला बंगळुरूच्या मुलाशी ऑनलाइन पात्रता फेरी खेळायची असेल, तर त्याचं मैदान म्हणजे तुमची केबल. ती मुलं फुटबॉलच्या मैदानासाठी ग्रामसभेत बोलतात तेव्हा मोठी माणसं मान डोलावतात. याही मैदानाची तितकीच कदर व्हायला हवी. आणि हा उशीर फक्त खेळात जाणवत नाही. बोटीवर काम करणाऱ्या नवऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी बाई, घरून काम करणारा मुलगा, ऑनलाइन शिकवणी घेणारी शिक्षिका, सगळ्यांचा आवाज तुटतो तो याच रांगेत. खेळणारा मुलगा ते आधी ओळखतो, कारण त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा सतत दिसत असतो.

दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ साली सेवेच्या दर्जाचे जे नवे नियम काढले त्यांत विलंब आणि पॅकेट गळती यांचा निकष म्हणून समावेश आहे. पण नियमातला आकडा तिमाहीच्या हिशेबात बसला, म्हणून माझ्या वाड्यावर रात्री नऊला काय चाललं आहे ते कळत नाही. ते तुम्हालाच मोजावं लागेल आणि तुम्हालाच सांगावं लागेल.

म्हणून माझी मागणी अशी. तुमच्या फलकावर वेगाच्या शेजारी, गर्दीच्या वेळचा, वाट भरलेली असतानाचा मुंबईपर्यंतचा पिंग छापा. आकडा १५० आला तरी छापा. पुढच्या वर्षी ४० छापणाऱ्याकडे ग्राहक आपणहून येतील. मदत केंद्रातल्या माणसांना स्पीड टेस्टसोबत भरलेल्या वाटेचा पिंग विचारायला शिकवा. आणि ग्राहकांच्या क्यूचा प्रकार बदला, निदान एका वाड्यावर, निदान एका महिन्यासाठी.

हे चवथीच्या आधी करून बघा असं मी सुचवेन. चवथीला मुंबई-पुण्याची, परदेशातली माणसं घरी येतात, प्रत्येक घरात एरवी असतात त्याच्या दुप्पट-तिप्पट मोबाइल वायफायवर चढतात, आणि माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या आराशीचे), आरतीचे व्हिडिओ एकाच वेळी वर जायला लागतात. वर्षातली सगळ्यात लांब रांग त्या दिवसांत लागते. त्या दिवसांत ज्याच्या जाळ्यात पिंग ५० च्या आत राहील, त्याला बाकी कसली जाहिरात करावी लागणार नाही.

ज्या पुरवठादाराला सुरुवात करायची आहे त्याने माझी जोडणी चाचणीसाठी वापरावी. बदल करण्याआधीची आणि नंतरची मोजमापं, तारीख-वेळेसकट, मी तुमच्या अभियंत्यांना देईन. वाड्यावरच्या आणखी काही घरांतली मुलंही मोजायला तयार आहेत; त्यांच्या आईवडिलांची परवानगी घेऊन ठेवली आहे.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातला एक ग्राहक आणि खेळाडू